दोन कामगारांच्या ग्रामपंचायतीत युनियन कशी चालते? गावाकडच्या सफाई आणि पाणीपुरवठा कामगारांसाठी

पुणे जिल्हा परिषदेच्या हद्दीत १३ तालुके आणि सुमारे १,४०० ग्रामपंचायती आहेत. कामगाराच्या बाजूनं पाहिलं तर हे १,४०० वेगवेगळे मालक झाले. त्यात सासवड, जेजुरी, भोर, शिरूर, दौंड, इंदापूर, जुन्नर, आळंदी, चाकण यांसारख्या नगरपरिषदा आणि वडगाव मावळ, देहू, मंचर, माळेगाव या नगरपंचायती वेगळ्याच. पुणे महापालिकेत एका आयुक्ताच्या टेबलावर पत्र ठेवलं की हजारो कामगारांचा प्रश्न मांडला जातो. राजगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवस्तीच्या ग्रामपंचायतीत मात्र कामगार दोनच असतात. एक पाणी सोडतो, दुसरा शिपाई, आणि झाडलोट दोघांच्या वाट्याला. या दोघांची युनियन होणार कशी?

गावापुरती ती होत नाही, तालुक्याची किंवा जिल्ह्याची होते. याचं कारण फक्त संख्येचं नाही. गावात सरपंच हा भावकीतला असतो, नाहीतर शेजारचा तरी. ज्यांना लहानपणापासून ‘अण्णा’ म्हटलं, त्यांच्यासमोर उभं राहून ‘माझा चार महिन्यांचा पगार थकलाय’ असं बोलायला जीभ रेटत नाही. बोललंच तर ते भांडण घरापर्यंत येतं. तेच पत्र तालुक्याच्या युनियनच्या लेटरहेडवर, शेजारच्या गावातल्या सरचिटणीसाच्या सहीनं गेलं की ती कार्यालयीन बाब होते. गावाकडे युनियनचा पहिला उपयोग हा आहे आणि तो लहान नाही.

मालक कोण, हे आधी ठरवा

एकाच चौकात झाडणाऱ्या चौघांचे मालक चार असू शकतात. युनियनची निम्मी चुकलेली पत्रं चुकीच्या दारात गेलेली असतात.

ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणजे १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ६१ खाली पंचायतीनं ठराव करून नेमलेला माणूस: शिपाई, पाणी सोडणारा, दिवाबत्तीवाला, सफाई कामगार, वसुली क्लार्क. त्याचा मालक पंचायत. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा नोकर असतो. २०२४ पासून त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. तो तुमच्या युनियनचा सभासद होत नाही, पण तुमची हजेरी आणि पगाराचं बिल त्याच्याच हातून लिहिलं जातं. संगणक परिचालक बसतो पंचायतीत, पण नेमलेला असतो सेवा पुरवणाऱ्या कंपनीमार्फत. अंगणवाडी सेविका आणि आशा यांचे विभाग वेगळे आणि युनियनही वेगळ्या. मोर्च्याला त्या सोबत येतात, मागणीपत्र मात्र स्वतंत्र द्यावं लागतं.

नगरपरिषद आणि नगरपंचायतीला १९६५ चा कायदा लागू होतो आणि प्रशासनाची सूत्रं मुख्याधिकाऱ्याकडे असतात. तिथं तीन थर दिसतात: मंजूर पदावरचे कायम कामगार, वर्षानुवर्षं रोजंदारीवर असलेले, आणि ठेकेदाराचे. घंटागाडीवर बहुतेक ठिकाणी हा तिसरा थर असतो.

दाद मागायची शिडीही त्यामुळे वेगळी. ग्रामपंचायतीच्या कामगारासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, मग पंचायत समितीत गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेत ग्रामपंचायत विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी. नगरपरिषदेच्या कामगारासाठी मुख्याधिकारी, मग जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा. कामगार खात्याची वाट दोघांनाही खुली असते आणि ती या शिडीच्या वरच्या पायरीवर नसून बाजूला आहे. गटविकास अधिकाऱ्याचं उत्तर आल्याशिवाय कामगार कार्यालयात जाता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

पगार अडतो कुठे

‘पंचायतीच्या खात्यात एवढे पैसे आहेत, मग आमचा पगार का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर समजून घेतल्याशिवाय सरपंचाशी बोलायला बसू नये.

खात्यात दिसणारा मोठा आकडा बहुधा वित्त आयोगाच्या निधीचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी बांधलेले होते, उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. पण या ४० टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणजे त्या पैशातून गटार बांधता येतं, गटार काढणाऱ्याचा पगार भागवता येत नाही. हा नियम सरपंचानं केलेला नाही, त्यामुळे त्यावरून त्याच्याशी भांडण्यात दिवस घालवू नका.

पगार दोन खिशांतून येतो. पहिला खिसा राज्य सरकारचा. लोकसंख्येनुसार ठरलेल्या आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, जितकी पदं बसतात, तितक्यांच्याच किमान वेतनात सरकार हिस्सा देतं. दुसरा खिसा ग्रामनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी. किमान वेतनातला उरलेला भाग, राहणीमान भत्ता, आणि आकृतीबंधाबाहेरच्या कामगाराचा सगळाच पगार या दुसऱ्या खिशातून जातो. त्यावरही मर्यादा आहे: आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंत.

हिशोब करून पाहा. समजा गावाची कराची मागणी १० लाखांची आणि वसुली ६ लाखांची झाली. ६ लाखांचे ३५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार, महिन्याला साडेसतरा हजार. एवढ्यात तीन कामगारांचा भत्ता, पंचायतीचा हिस्सा आणि आकृतीबंधाबाहेर नेमलेल्या चौथ्याचा अख्खा पगार बसवायचा आहे. तो बसत नाही. मग चौथ्याला ‘मानधन’ म्हणून काहीतरी टेकवलं जातं आणि बाकीच्यांचा भत्ता थकतो. त्यातून कामगारच आपसांत तोडले जातात. आकृतीबंधाबाहेरच्या माणसाला युनियनमध्ये घेऊ नका असं म्हणणारे सभासद भेटतात. त्यांची अडचण कळते, पण ही भूमिका चुकीची आहे. उद्या संप झाला तर पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला पंचायत त्याच माणसाला बोलावणार आहे.

सरकारचा हिस्सा अनेक वर्षं करवसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला राहिला आणि ‘वसुलीची अट काढा’ ही राज्यभरातल्या ग्रामपंचायत कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. ती न्याय्य आहे. मतदार दुखावू नये म्हणून घरपट्टीला हात न लावणारी बॉडी निवडायची गावानं आणि त्याची कपात सोसायची झाडणाऱ्यानं, याला काही आधार नाही. व्यवहार म्हणून मात्र युनियननं फेब्रुवारी-मार्चच्या वसुली मोहिमेत अंग चोरू नये. वसुलीचा आकडा वाढला की वाटाघाटीत तो तुमच्या बाजूनं बोलतो.

किमान वेतन नेमकं किती, हे पाठ करण्यापेक्षा ते काढायचं कसं हे शिका. ग्रामपंचायतीतल्या कामासाठी राज्य सरकारची अधिसूचना असते. त्यात मूळ दर तीन वर्गांत दिलेले असतात, कुशल, अर्धकुशल, अकुशल, आणि गाव कुठल्या परिमंडळात, म्हणजे दरासाठी पाडलेल्या भागात, येतं त्याप्रमाणे ते बदलतात. त्यावर विशेष भत्ता, म्हणजे वर आलेला राहणीमान भत्ता, जो वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, बदलतो. मूळ दर अधिक चालू सहामाहीचा भत्ता म्हणजे तुमचं किमान वेतन. फसवणूक बहुतेक वेळा भत्त्यातच होते: मूळ दर देतात आणि भत्ता कित्येक वर्षांपूर्वीचाच ठेवतात.

दुसरी गफलत वर्गवारीत. पाणी सोडणाऱ्याची नोंद ‘शिपाई, अकुशल’ अशी असते. तो करतो काय? स्टार्टरवर पंप चालवतो, कुठल्या आळीला किती वाजता पाणी जायचं ते व्हॉल्व्हवर सांभाळतो, गळती शोधतो, आणि टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, टाकतो. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. जुनी, हवा लागलेली पावडर असेल तर तेवढ्यानं भागत नाही, आणि प्रमाण चुकलं तर अख्खं गाव जुलाबानं आजारी पडतं. हे काम अकुशल कसं? मागणीपत्रात पदाचं नाव लिहून थांबू नका, रोजच्या कामांची यादी वेळेसह जोडा. वर्ग बदलून घेण्याचा तोच आधार असतो.

तीन नमुने, एक हजेरी

ग्रामपंचायतीचं दप्तर क्रमांक दिलेल्या नमुन्यांत ठेवलेलं असतं. कामगारानं त्यातले तीन ओळखले पाहिजेत. नमुना १३ म्हणजे कर्मचारी वर्गाची सूची आणि वेतनश्रेणी. नमुना १९ म्हणजे कामावर असलेल्यांचा हजेरीपट. नमुना २१ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या देयकांची नोंदवही. तुमचं नाव नमुना १३ मध्ये असेल तर तुम्ही पंचायतीचे कर्मचारी आहात. फक्त १९ मध्ये असेल तर पंचायत तुम्हाला रोजंदार म्हणणार. यांत कुठेच नाव नसेल आणि पगार ‘किरकोळ खर्च’ म्हणून व्हाउचरवर निघत असेल, तर दहा वर्षं काम करूनही कागदावर तुम्ही नाही. गावाकडच्या कामगाराचे बहुतेक खटले इथेच हरले जातात, कोर्टात नंतर.

म्हणून नवा सभासद झाला की युनियननं पहिलं काम करावं ते माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं काय? नेमणुकीच्या ठरावाची प्रत (मासिक सभेची तारीख आणि ठराव क्रमांकासह), नमुना १३, गेल्या तीन वर्षांचे १९ आणि २१, मंजूर आकृतीबंध. ‘माझ्या नोकरीबद्दल सर्व माहिती द्या’ असा अर्ज केला की ‘माहिती सुस्पष्ट नाही’ असं उत्तर येतं. नमुन्याचा क्रमांक लिहिला की ती पळवाट बंद होते. अर्ज शक्यतो युनियनच्या दुसऱ्या गावच्या पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या नावे करावा, म्हणजे राग एका कामगारावर निघत नाही.

सोबत स्वतःची वही ठेवा. साधी शंभर पानी वही चालते. तारीख, कामावर आल्याची आणि गेल्याची वेळ, काय केलं, कुणी सांगितलं. पालखीच्या दिवसांत ही वही सोन्याची होते. आळंदी, देहू, सासवड, जेजुरी, लोणी काळभोर, यवत, इंदापूर या मार्गांवर आषाढी वारीच्या काळात सफाई कामगार पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाचा दर दुप्पट असतो आणि सात दिवसांत एक सुट्टी हक्काची. पण वारी सरल्यावर ‘किती तास?’ या प्रश्नाला ‘लई’ हे उत्तर चालत नाही.

‘२४० दिवस भरले, आता कायम’

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे आणि त्यावर विसंबून माणसं फार दुखावली जातात, म्हणून इथे सावकाश बोलू.

बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगार कायद्यात तुमची सलग एक वर्षाची सेवा धरली जाते. त्याचा फायदा असा की कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई दिल्याशिवाय तुम्हाला काढता येत नाही. हे संरक्षण झालं. कायम होणं ही वेगळी गोष्ट. ती खासगी कारखान्यात जितकी सोपी, तितकी पंचायत-पालिकेत नाही, कारण इथे मंजूर पद लागतं आणि भरतीचे नियम लागतात. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली उमादेवी खटल्यात हेच सांगितलं की मागच्या दारानं झालेली नेमणूक निव्वळ काळ लोटल्यानं कायम होत नाही. मंजूर पदावर पात्र माणूस दहा वर्षं काम करत असेल तर एकदाच विचार करता येईल. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जग्गो खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की उमादेवीचा निकाल ढालीसारखा पुढे करून वर्षानुवर्षांच्या नियमित कामाला तात्पुरतं म्हणत राहता येणार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक हत्यार आहे. १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूनं माणसाला वर्षानुवर्षं हंगामी ठेवणं ही अनुचित प्रथा मानली आहे. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. ‘हेतू’ सिद्ध करायला लागतो, आणि तो सिद्ध होतो ठराव, हजेरीपट आणि मुद्दाम दिलेल्या खंडांवरून: दर सहा महिन्यांनी दोन दिवस हजेरी कोरी ठेवलेली असेल तर त्या पानाची प्रत जपून ठेवा.

ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला पुढे जायची आणखी एक वाट आहे: जिल्हा परिषदेच्या गट क आणि ड मधली १० टक्के पदं ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांतून भरायची असतात. त्यासाठी जिल्ह्याची ज्येष्ठता यादी लागते. यादी निघाली की आठवड्याच्या आत युनियननं ती गावोगाव वाचून दाखवावी. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, शिक्षण यांत चूक असेल आणि हरकतीची मुदत टळली तर पाच वर्षांनी धाकटा माणूस पुढे गेलेला दिसतो. नगरपरिषदेच्या सफाई कामगारांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्क, म्हणजे त्यांच्या जागी वारसाला नोकरी, आहे. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयात त्या तरतुदी एकत्र केल्या आहेत. तिथेही आधी प्रश्न तोच येतो: पद कुठलं, नोंद कुठे.

युनियन उभी करताना

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली. नोंदणीची मुख्य अट तीच राहिली: अर्जदार किमान सात, आणि सभासद एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल तेवढे, पण सातपेक्षा कमी नाहीत. एका तालुक्यात ३०० ग्रामपंचायत कामगार असतील तर ३० सभासद लागतील. यावरून कळेल की दोन माणसांच्या पंचायतीची स्वतंत्र युनियन कायद्यानंच का होत नाही.

घटना, म्हणजे नियमावली, लिहिताना कार्यक्षेत्र नीट लिहा. ‘अमुक तालुक्यातील ग्रामपंचायत कर्मचारी’ एवढंच लिहिलं आणि वर्षानं गावाची नगरपंचायत झाली, तर ते कामगार नियमावलीबाहेर पडतात. ‘ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद व त्यांच्या ठेकेदारांकडील सर्व कामगार’ असं लिहिलेलं बरं. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे लोक एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. नऊ जणांच्या कार्यकारिणीत तीन, एकवीस जणांच्या कार्यकारिणीत सात नव्हे तर पाच. निवृत्त किंवा कपात झालेला कामगार बाहेरचा धरला जात नाही, त्यामुळे जुन्याजाणत्यांना बाजूला सारायची गरज नाही. कार्यकारिणीत निदान एक तरी झाडणारी बाई असावी, नावापुरती नव्हे, सहीच्या अधिकारासह. शौचालय, कपडे बदलायची जागा, मुकादमाची वागणूक हे विषय त्याशिवाय बैठकीत येतच नाहीत. दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे तिला आणि तिनं इतरांना सांगितलेलं असावं.

वर्गणी. मोठ्या कारखान्यात ती पगारातून कापून येते. इथे खजिनदाराला मोटारसायकलवर गावोगाव फिरावं लागतं. पावती जागेवर फाडा, आठवड्याच्या आत बँकेत भरा, आणि दोन सह्यांशिवाय पैसे काढू नका. ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा तपासलेला हिशोब युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाला दरवर्षी द्यायचा असतो. छोट्या युनियनची नोंदणी रद्द होते ती बहुधा संपामुळे नाही, या न दिलेल्या विवरणपत्रामुळे. मग वाटाघाटीत समोरचा पहिलाच प्रश्न विचारतो, ‘तुमची नोंदणी चालू आहे का?’

मागणीपत्रापासून संपापर्यंत

मागणीपत्राची वेळ महत्त्वाची. पंचायतीचं अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास आकार घेतं. फेब्रुवारीत मागितलं तर ‘तरतूद नाही’ हे उत्तर खरंच असतं. दिवाळीनंतर लगेच द्या. दोन पानांत संपवा. प्रत्येक मागणीपुढे रक्कम लिहा: कुणाचा किती फरक, कुठल्या महिन्यापासून. प्रत स्थळप्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारखेसह घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

पुढचा महिना सुरू झाल्यापासून सात दिवसांत मासिक वेतन मिळायला हवं. थकलं तर त्या चार संहितांपैकी वेतन संहितेखाली दावा करता येतो, मुदत तीन वर्षं, आणि पगार दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. युनियन एकाच अर्जात अनेकांचा दावा लावू शकते. संपापेक्षा हा मार्ग मंद आहे हे खरं, पण दोन कामगारांच्या गावात तोच टिकतो.

संपाची नोटीस १४ दिवस आधीची. नोटिशीनंतर समेटाची बोलणी कामगार अधिकाऱ्यासमोर सुरू झाली तर ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. एक नवा खड्डा लक्षात ठेवा: ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप धरला जातो. चार कामगारांच्या पंचायतीत दोघांनी ठरवून रजा टाकली, की नोटिशीशिवायचा बेकायदा संप झाला! पूर्वी सहज केलं जाणारं ‘सामुदायिक रजा आंदोलन’ आता नोटीस दिल्याशिवाय करू नका.

संपात पाणी बंद करावं का, यावर युनियनमध्ये नेहमी वाद होतो. आमचं मत स्पष्ट आहे: करवसुली, दाखले, कार्यालयीन कामं पूर्ण थांबवा, पाण्याची वेळ कमी करा, टीसीएल एक दिवसही चुकवू नका. गावात साथ आली तर त्या दिवसापासून गाव तुमच्या विरोधात जातं आणि मागणी मागे पडते. नोटिशीतच कुठल्या सेवा चालू राहतील ते लिहा आणि तीच नोटीस चावडीवर लावा.

सरपंच बदलला की जुन्याला काढून आपला माणूस आणायचा, हा प्रकार दर पाच वर्षांनी होतो. तो नेहमी तोंडी होतो: ‘उद्यापासून येऊ नको.’ अशा वेळी घरी बसलात तर ‘स्वतःहून काम सोडलं’ असं नोंदवलं जातं. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कामावर जा. हजेरी घेतली नाही तर तिथल्या तिथे दोन ओळी लिहून द्या: ‘आज अमुक तारखेस मी कामावर हजर झालो असता मला काम देण्यात आले नाही. मी काम करण्यास तयार आहे.’ सलग तीन दिवस हे करा, दोन साक्षीदार ठेवा, आणि त्याच आठवड्यात युनियनमार्फत कामगार कार्यालयात तक्रार टाका.

ठेकेदाराचा माणूस

घंटागाडीवरच्या मुलाला विचारा, तो म्हणेल ‘मी नगरपरिषदेत आहे’. बिल मात्र ठेकेदाराच्या नावे. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवर येते. नंतर ती ठेकेदाराच्या बिलातून वसूल करू शकते. म्हणून पत्र दोघांना द्या आणि पालिकेला स्पष्ट लिहा की मागील महिन्याच्या पगाराची, भविष्य निर्वाह निधीची आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) चलनं पाहिल्याशिवाय पुढचं बिल काढू नये. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचे १२ आणि मालकाचे १२ टक्के, ईएसआयमध्ये कामगाराचा पाऊण आणि मालकाचा सव्वातीन टक्के. मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापणारे ठेकेदार आहेत. मोबाइलवर पासबुक उघडून दर महिन्याला आकडा जुळवा. ठेका बदलताना जुना ठेकेदार गायब होतो, म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधी थकबाकीचा तक्ता तयार हवा.

मैल्याची टाकी किंवा गटारात संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. विषारी वायूला वास असतोच असं नाही. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. उतरायला सांगितलं तर नकार द्या, सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ युनियनला कळवा, आणि सक्शन गाडी मागवायला लावा. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. कुटुंबाला ‘दोन लाख घ्या आणि मिटवा’ असं सांगणारे लोक दुसऱ्या दिवशीच घरी येतात. त्याआधी युनियनचा माणूस तिथं पोचलेला असावा.

निवृत्ती, आणि हद्द बदलते तेव्हा

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. वेतन १२ हजार आणि सेवा २२ वर्षं असेल तर सुमारे १ लाख ५२ हजार ३०० रुपये. किमान सेवा पाच वर्षं, रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या स्थानिक संस्थांना ग्रॅच्युइटीचा कायदा १९८२ पासून लागू झाला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. पंचायत ‘आमच्याकडे आठच माणसं’ म्हणते तेव्हा व्हाउचरवरचे, रोजंदारीवरचे असे सगळे मोजा. दहा भरतात का ते तिथे कळतं.

पुण्याच्या आसपास सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती हद्दवाढीनं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आणि जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ साली महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची नगरपरिषद झाली. सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असे तीन मालक. गाव विलीन होणार अशी चर्चा सुरू झाली की काही ठिकाणी मागच्या तारखांच्या नेमणुका घुसवल्या जातात. मग चौकशी लागते, आणि वीस वर्षं झाडणाऱ्याची फाइलही त्याच गठ्ठ्यात अडकते.

यातून सुटायचं तर अधिसूचना निघण्याआधी प्रत्येक सभासदाच्या नावाची एक फाइल तयार हवी. तिच्यात नेमणुकीच्या ठरावाची साक्षांकित प्रत, नमुना १३ चं पान, पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचे हजेरीपट, पगार जमा झालेलं बँक पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि शिक्षणाचा दाखला. विलीनीकरणाच्या दिवशी ग्रामपंचायतीचं दप्तर सील होऊन दुसऱ्या कार्यालयात जातं, आणि त्यानंतर एकेक प्रत मिळवायला महिने लागतात.